वाळा अडवतो गाळ

कडेगावच्या माळावर वळवाचा पाऊस झाला की ओघळ लाल होऊन येरळा नदीकडे धावतात. तो रंग आपल्या शेतातल्या मातीचा असतो. बंधाऱ्यात बसलेला गाळ यंत्राने उपसता येतो, पण ती माती वाटेतच थांबवणं अधिक शहाणपणाचं.

त्यासाठी वाळा हे गवत लावा. उतारावर, समपातळी रेषेत, वीतभरापेक्षाही कमी अंतरावर त्याचे ठोंब लावले की दोन-तीन पावसाळ्यांत दाट भिंत तयार होते. पाणी तिच्यातून झिरपत पुढे जातं. वेग मंदावल्यामुळे गाळ मागे बसतो आणि हळूहळू तिथे सपाट पट्टी तयार होते. मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, त्यामुळे ती पिकाच्या आड फारशी येत नाहीत. जागतिक बँकेने 1980च्या दशकात भारतात याच गवताचा प्रसार केला होता.

झाडांनी माळ सावरतो, हे आपल्या तालुक्याने पाहिलंय. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर माणसांनी जंगल उभं केलं, 1985 साली ते अभयारण्य झालं. त्यासाठी झटलेल्या धों. म. मोहित्यांची ती चिकाटी ओघळाच्या काठावरही हवी.

ठोंब पावसाच्या सुरुवातीलाच लावा, मधे फट ठेवू नका. फटीतून पाणी जोराने निसटतं आणि नवी घळ पडते.