परवानगीचा कागद सर्वांचा

(गणेशोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत अंधेरी येथील एका सार्वजनिक वाचनालयात, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या चिटणीसांनी मला दिलेला विषय असा आहे : सार्वजनिक कार्यक्रमांना दिल्या जाणाऱ्या परवानग्या आणि त्यांचे शुल्क यांची माहिती नागरिकाने कशी मिळवावी? विषय कागदी वाटतो खरा. परंतु श्रावण सरत आला की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांतला एकेक रस्ता तो जिवंत करतो. दहीहंडी होते, गणपती येतात, पाठोपाठ नवरात्र येते. रस्त्याच्या कडेला बांबू पडले की गॅलरीत उभा असलेला गृहस्थ विचारतो, "याला परवानगी आहे काय?" आणि खाली उभा असलेला कार्यकर्ता विचारतो, "यंदा भरायचे किती?" दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात. मौज अशी की, दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर एकाच नस्तीत असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. उपनगरातील एका लहानशा मंडळाचा तरुण खजिनदार माझ्याकडे आला. "परवानगीचे सगळे पाहतो" असे म्हणून एका मध्यस्थाने त्याच्याकडून रोख रक्कम नेली होती. पावती नव्हती. वर्गणीदारांच्या सभेत हिशेब मांडायचा होता आणि त्या रकमेपुढे काय लिहावे, हे त्याला कळत नव्हते. मी त्याला एवढेच विचारले, "अधिकृत शुल्क किती, हे तुम्ही कार्यालयात विचारले होते काय?" तो म्हणाला, "साहेब, ते विचारता येते हेच ठाऊक नव्हते." त्या मुलाचा प्रामाणिकपणा पणाला लागला होता, तो केवळ एक आकडा माहीत नसल्यामुळे.

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासूनची परंपरा आहे. परंतु रस्त्यावरील मंडपाचा कायदा त्याहूनही जुना आहे. मुंबई महानगरपालिकेचा अधिनियम १८८८ चा. आपली उपनगरे पालिकेच्या हद्दीत पुष्कळ नंतर, म्हणजे १९५० आणि १९५७ मध्ये आली. या अधिनियमाच्या ३१७ व्या कलमात असे म्हटले आहे की, सण-समारंभाच्या प्रसंगी रस्त्यावर तात्पुरता मांडव उभारण्यास महापालिका आयुक्त, पोलीस आयुक्तांच्या सहमतीने, लेखी परवानगी देऊ शकतात. यातील 'लेखी' हा शब्द कृपया लक्षात ठेवावा. परवानगी लेखी असेल, तर कागद असलाच पाहिजे. आणि रस्ता सर्वांचा असेल, तर तो वापरू देणारा कागदही सर्वांना पाहता आला पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

हा अधिकार आता कायद्याने दिलेला आहे. महाराष्ट्राने २००२ मध्येच माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. पुढे केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या ४ थ्या कलमात कार्यालयांनी आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी सांगितल्या असून, त्यांतील तेरावी बाब सवलती, परवाने व प्राधिकारपत्रे ज्यांना दिली त्यांच्या तपशिलाची आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ही माहिती आधीच प्रसिद्ध झाली आहे काय, ते पाहावे. नसेल, तर अर्ज करावा.

अर्ज कोणाकडे? ज्या विभागात रस्ता, त्या विभाग कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. अंधेरी पूर्वेसाठी के-पूर्व, पश्चिमेसाठी के-पश्चिम, बोरिवलीसाठी आर-मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी विभाग. मात्र एका मंडपामागे अनेक कागद असतात. रस्त्यावरील मांडवाची परवानगी महापालिकेची, ध्वनिक्षेपकाची पोलिसांची. आणि नोंदणी नसलेल्या मंडळास वर्गणी गोळा करावयाची, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची. ज्या कार्यालयाचा कागद, तेथेच तो मागावा. चुकून अर्ज दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे गेला, तर पाच दिवसांच्या आत तो योग्य ठिकाणी पाठविण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे. नागरिकाने हेलपाटे घालावेत, असे कायदा सांगत नाही.

अर्ज कसा लिहावा, हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या अर्जात मी लिहिले होते, "या रस्त्यावर मांडवाला परवानगी का दिली?" उत्तर आले, "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही." मला राग आला, परंतु उत्तर नियमाला धरून होते. 'का' या प्रश्नाचे स्पष्टीकरण म्हणजे माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले आहे. तेव्हा मत मागू नये, अभिलेख मागावा. उदाहरणार्थ, "अमुक रस्त्यावर, अमुक वर्षी गणेशोत्सवासाठी दिलेल्या मंडप परवानगीची प्रत, तीमधील अटी, आकारलेले शुल्क व अनामत यांच्या पावत्यांच्या प्रती, आणि त्या वर्षी लागू असलेल्या शुल्कदराच्या परिपत्रकाची प्रत द्यावी." एवढे पुरे. २०१२ च्या राज्याच्या नियमदुरुस्तीप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आतला असावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. कार्यकर्त्यांचे घरचे पत्ते व दूरध्वनी मात्र मागू नयेत. ती व्यक्तिगत बाब आहे आणि आपल्या कामाचीही नाही.

खर्च किती? अर्जाला दहा रुपये. ते न्यायालय मुद्रांकाच्या रूपाने लावता येतात. साध्या आकाराच्या प्रतीस पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. ती उलटून गेली, तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांत त्याच प्राधिकरणातील वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. वाजवी कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास आयोग दररोज अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो. आयोगापुढे प्रकरणे साचून राहतात, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. म्हणूनच पहिला अर्ज नेमका असावा.

शुल्काबाबत वर्षाचा उल्लेख आवर्जून करावा, याचे कारण सांगतो. मंडपासाठी रस्त्यात खड्डा खणल्यास होणारा दंड २०२५ मध्ये खड्ड्यामागे दोन हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आला आणि मंडळांच्या विरोधानंतर, उत्सवापूर्वीच तो पुन्हा दोन हजारांवर आणण्यात आला. ऐकीव आकड्यावर विसंबणाऱ्या खजिनदाराने अशा वेळी काय करावे? तसेच शेजारच्या मंडळावरून आपला अंदाज बांधू नये. याच अंधेरीत आझादनगरचा उत्सव १९६६ पासून होतो. तेथील मूर्तीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता संकष्टीला होते. मांडवाचे दिवस मंडळागणिक वेगळे असतात; त्यामुळे प्रत्येकाची नस्तीही वेगळी असते.

आता मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. कोणी माहिती मागितली म्हणजे तो उत्सवाचा वैरी झाला, असे मानू नका. रस्त्यावरील मंडपांविषयी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी जनहित याचिका केली होती. त्यांचा विरोध देवाला नव्हता; रस्ता अडू नये, एवढीच मागणी होती. उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये वाहतुकीस व पादचाऱ्यांस अडथळा होईल अशी परवानगी देऊ नये, असे बजावले. रात्री गल्लीत रुग्णवाहिका आली, तर ती मंडळाच्याच एखाद्या आजोबांसाठी आलेली असू शकते. आपण होऊन परवानगीची प्रत आणि भरलेल्या शुल्काची पावती मंडपाच्या दर्शनी भागावर लावा. अर्ज करण्याची गरजच उरणार नाही, आणि वर्गणी देणाऱ्याचा हातही मोकळेपणाने पुढे येईल.

नागरिकांनाही तेवढेच सांगतो : हातात आलेला कागद भांडणासाठी फडकावू नका. आधी तो वाचा. परवानगी असेल व अटी पाळल्या जात असतील, तर आपली शंका मिटली म्हणून समाधान माना. अटी मोडल्या जात असतील, तर त्याच कागदाच्या आधारे लेखी तक्रार करा.

तो तरुण खजिनदार पुढील वर्षी स्वतः विभाग कार्यालयात गेला, दर विचारून आला, पैसे भरून पावती घेतली आणि ती वर्गणीच्या हिशेबाला टाचली. सभेत त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. मंडळाचा हिशेब असो वा शासनाचा कारभार, कागद उघड असला म्हणजे मान ताठ राहते.



जय हिंद! जय महाराष्ट्र!