वाळवणीच्या जागेची कैफियत



 या मच्छीमार परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी आढावा घ्यावा असा प्रघात आहे. परंतु १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, २०२१ मधली त्याची दुरुस्ती, पर्ससीन जाळ्यांवरचे २०१६ चे निर्बंध आणि १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी यांचा ऊहापोह या मंडपात पुरेसा झाला आहे. हे सारे हुकूम पाण्यावरचे आहेत. कोळ्याचा अर्धा धंदा ज्या जमिनीवर चालतो तिच्याविषयी मत्स्यधोरण मौन धरून बसले आहे, आणि हे शल्य मी चाळीस वर्षे उरात बाळगले आहे.

बंदी वाढवावी की जाळ्याचा आस मोठा करावा, यावर काल येथे हमरीतुमरी झाली. तो वाद जमिनीपाशी कसा अडतो हे दाखवायला, मी गावच्या मच्छीमार संस्थेचा चिटणीस असतानाच्या एका हंगामाची गोष्ट सांगतो. नारळी पौर्णिमेनंतर डोल जाळ्यांना बोंबील असा लागला की तांडेल दोन-दोन खेपा करू लागले. होडी होती, खलाशी होते, मासळी होती. मात्र ज्या मोकळ्या जागेवर आमच्या आज्या-पणज्यांनी मासळी सुकवायला बांबूंच्या वलांडी उभारल्या, तिला त्याच पावसाळ्यात तारेचे कुंपण पडले होते. बोंबलाच्या अंगात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वेळीच दोरीवर चढली नाही, तर दुपारपर्यंत तिचा चिखल होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही तो माल खताच्या भावाने घातला. माझी आई रिकामी पाटी पुढ्यात घेऊन कुंपणाशी बसून राहिली. सांज झाली तरी उठेना.

त्या जागेसाठी मी महसूल कचेरीत गेलो. कारकुनाने दप्तर सोडून नोंद दाखवली: सरकारी पडीक. वहिवाटीचा दाखला आणा, म्हणाला. चार पिढ्यांच्या बांबूंनी जिथे भोके पाडली, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जिथे बायकांचे हात थांबत नाहीत, ती जमीन पडीक कशी, या माझ्या प्रश्नाला त्या दप्तरात रकाना नव्हता. जिथे मासळी वाळवायलाच जागा नाही, तिथे बंदी साठ दिवसांची असो वा नव्वद, वाढलेल्या मासळीचे करायचे काय?

२०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण शेतकऱ्याला शेत आहे, खळे आहे, त्याच्या नावाचा सातबारा आहे. आमचे शेत समुद्र, त्याचा सातबारा कोणी मागत नाही, मात्र खळ्याचा तरी द्याल की नाही? अर्नाळा किल्ल्यासारख्या बेटावर तर ही अडचण दुप्पट होते, कारण तिथला किनारा लाटा कुरतडत आहेत आणि मागे सरकायला बेटाला जागा नाही. नवे धोरण आखायचे असेल तर कोळीवाड्यांच्या सीमांकनाबरोबर वाळवणीच्या जागेचीही मोजणी व्हावी, ती संस्थेच्या किंवा त्यावर राबणाऱ्या बायकांच्या नावे चढावी, आणि यांत्रिक नौकांच्या डिझेल परताव्याची चर्चा जितक्या तळमळीने होते तितक्याच तळमळीने या चौरस फुटांची व्हावी.

प्रत्येक गावाच्या वाळवणीच्या जागेची एक कैफियत तयार करण्याचे काम या परिषदेने अंगावर घ्यावे. कोणी, कसे, हे कार्यकारिणी ठरवील. माझ्या गावची मी लिहायला घेतली आहे. आई आता नाही, पण कुंपणाच्या आत कोणता बांबू कोणाचा होता, हे तिच्या वेळच्या दोन म्हाताऱ्या अजून बोट दाखवून सांगतात. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन मी तिथे जाणार आहे.