प्रश्नावलीला खरे उत्तर द्या
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी प्राध्यापक नाही. बँकेत कारकून आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगणार नाही. घरात घडलेली एक गोष्ट सांगतो आणि त्यावरून जे सुचले ते आपणापुढे ठेवतो.

माझी पुतणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी ती मोबाईलवर महाविद्यालयाचा अभिप्राय फॉर्म भरत होती. वीस प्रश्न तिने दोन मिनिटांत संपवले. सगळीकडे ‘उत्तम’. शेवटी सूचना लिहायच्या होत्या, तिथे लिहिले, ‘काही नाही’. मी म्हटले, “अगं, अर्थशास्त्राचे शेवटचे घटक शिकवलेच नाहीत, मराठीत संदर्भग्रंथ मिळत नाही, असे तूच परवा सांगत होतीस ना?” ती म्हणाली, “काका, नाव कळलं तर? अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत.” तोवर फॉर्म गेलाही होता.

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. तिची भीती खोटी नाही. ज्या घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढते, त्या घराला गुणपत्रिकेची किंमत ठाऊक असते. पण अशाच ‘उत्तम’ची बेरीज होऊन अहवाल तयार होतो आणि सारे काही ठीक आहे असे त्यातून सिद्ध होते. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच अर्धवट शिकवलेले घटक मिळतात.

हा फॉर्म आला कुठून? महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही परिषद १९९४ साली स्थापन झाली. २०१७ पासून तिने मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. त्याचा पहिलाच प्रश्न होता, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवला गेला? अंतर्गत मूल्यमापन निःपक्षपाती होते का, तुमच्या लेखी कामावर तुमच्याशी चर्चा झाली का, हेही त्यात होते. वीस प्रश्नांनंतर एकविसावा प्रश्न मोकळा होता : अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा. महाविद्यालये स्वतःही असे अभिप्राय घेतात. ही मोकळी जागा म्हणजे आपल्याला मिळालेली खिडकी आहे, आणि ती आपणच ‘काही नाही’ लिहून बंद करतो.

प्रश्नावलीला उत्तर कसे द्यावे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीने एक प्रश्नावली काढली. तेव्हा तेहतीस वर्षांच्या बाबासाहेबांनी तिला सविस्तर लेखी उत्तरे दिली. विद्यार्थ्याच्या डोक्यात नुसती माहिती भरणे हे विद्यापीठाचे काम नाही, त्याला स्वतः विचार करायला लावणे हे काम आहे, असे त्यांनी मांडले. ‘सर्व उत्तम’ असे लिहून ते मोकळे झाले नाहीत. दोष दाखवला आणि त्यावर उपायही सुचवला.

उत्तर देताना मात्र तारतम्य हवे. २०१५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध झाला. दूरशिक्षणाच्या वर्गात तेच शिक्षक काही विद्यार्थ्यांना पुरुषाच्या नावाने आणि काहींना स्त्रीच्या नावाने शिकवत होते. पुरुषाच्या नावाला गुण जास्त पडले! नावावरून माणसाला कमी-जास्त लेखणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून आपण माणसाला गुण देऊ नये, कामाबद्दल लिहावे. ‘सर चांगले नाहीत’ असे लिहून काही होत नाही. ‘चौथा घटक शिकवला नाही, उजळणीचे दोन तास हवेत’ असे लिहिले तर कोणालाही त्यावर काही करता येते.

दुसरे, कोणाचे काम कोणते हे ओळखावे. तासिकेची वेळ, ग्रंथालयातील प्रती, शिकवण्याचा वेग हे महाविद्यालयाच्या हातात असते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडची मुले बसने-रेल्वेने येतात. पहिली तासिका त्यांना मिळत नसेल तर ते महाविद्यालयाला लिहावे. अभ्यासक्रम मात्र नागपूरला विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. मराठी संदर्भग्रंथ यादीत नाहीत, ही गोष्ट तिथपर्यंत पोहोचवा असे स्पष्ट लिहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची नवी मांडणी होत असताना तर हे अधिकच गरजेचे आहे.

महाविद्यालयांनाही नम्रपणे तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, नाव गुप्त राहील याची नुसती ग्वाही देऊ नका, तशी व्यवस्था करा. दोन, सत्राच्या शेवटीच नव्हे, मध्यावरही विचारा, म्हणजे ज्याने सांगितले त्यालाच लाभ मिळेल. तीन, ‘तुम्ही हे सांगितले, आम्ही हे केले, हे करता आले नाही’ असा एक कागद सूचना फलकावर लावा. त्या एका कागदाने जेवढा विश्वास बसेल तेवढा दहा भाषणांनी बसणार नाही.

आमच्या शाखेत पूर्वी धानाचे पैसे जमा होण्याच्या दिवसांत एकच खिडकी चालू असायची. लोक व्हरांड्यात आम्हाला शिव्या द्यायचे, पण तक्रारवही कोरीच राहायची. वही कोरी म्हणून आम्हीही निर्धास्त होतो. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नातवाकडून दोन ओळी लिहून घेतल्या. तारीख, वार, किती तास उभा होतो, सगळे त्यात होते. साहेबांना ती वही वर दाखवावी लागली आणि पुढच्या आठवड्यात दुसरी खिडकी उघडली. तेव्हा मला कळले की व्हरांड्यातल्या बोलण्याला काही किंमत नसते, वहीतल्या दोन ओळींना असते.

पुतणीचा फॉर्म गेला तो गेला. पण त्याच रात्री आम्ही दोघांनी बसून तीन सूचना कागदावर लिहिल्या. पुढच्या वेळी चार मैत्रिणी मिळून तेच लिहिणार आहेत. एकटीला भीती वाटते, चौघींना कमी वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजोबांना कोणी मत विचारले नाही. तुम्हाला विचारले जात आहे. खरे लिहा, नेमके लिहा, सभ्य भाषेत लिहा.