भोंगा सगळ्यांसाठी



सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाइल आले, आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. मग 2022 साली गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. बातम्या त्या भोंग्याच्या झाल्या. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: हा नियम आईवडिलांनाही होता. स्वतः रील्स पाहत बसलेल्या बापानं ‘अभ्यासाला बस’ म्हटलं, तर पोरानं का ऐकावं?

आता गेमचं बघा. फ्री फायर किंवा बीजीएमआयसारख्या खेळात बहुतेकदा चौघांचा संघ असतो. चालू मॅच थांबवून ठेवता येत नाही. मधेच उठलं की उरलेले तिघे अडचणीत येतात. नेमकं तेव्हाच आपण ओरडतो, ‘ताट वाढलंय, ठेव तो फोन!’ मुलगा चिडतो आणि आपण म्हणतो, व्यसन लागलं. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराची व्याख्या केली आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. जेवायला उशीर केला म्हणून ते नाव मुलाला चिकटवू नका.

त्यापेक्षा आधीच ठरवा, ‘ही मॅच संपली की जेवण.’ पण मॅच किती वेळ चालते हे ठाऊक हवं ना? त्यासाठी एखादा दिवस शेजारी बसा. हेडफोनमधून बोलतंय ते कोण, वर्गातला मित्र की अनोळखी माणूस, तेही विचारा. गेममधल्या खरेदीसाठी फोनला जोडलेल्या यूपीआयचा पिन मात्र मुलांना सांगू नका.

अनोळखी माणसानं फोटो मागितला, धमकी दिली, तरी पुष्कळ मुलं घरी बोलत नाहीत. कळलं तर फोनच काढून घेतील, ही भीती असते. म्हणून आजच सांगून ठेवा, ‘खरं सांगितलंस तर फोन जाणार नाही.’ असं काही घडलंच, तर मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, सायबर गुन्ह्यांसाठी 1930. हे दोन्ही नंबर मुलांनाही पाठ करायला सांगा.