डहाणूला येताना गाडी आणायची का?



आमचं घर घोलवडला, चिकूच्या वाडीत. दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. परवा पुतण्याने विचारलं, "काका, गाडी घेऊन येऊ, की तिथे भाड्याने घेऊ?" मागे तो ग्रीसच्या बेटांवर निघाला होता, तेव्हाही याच प्रश्नावर अडला होता. तिकडे हायड्रा नावाचं एक बेट आहे, तिथे आपल्या माथेरानसारखी मोटारींना बंदी. असं असलं की प्रश्नच मिटतो. आमच्या डहाणू-तलासरीत तो ज्याचा त्याने सोडवायचा.

मी त्याला उलट विचारलं, "जाणार कुठे आहेस? समुद्रावर की आत?"

समुद्रावर यायचं असेल तर गाडी घरीच ठेवा. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली. चर्चगेटहून थेट गाड्या मोजक्या आहेत, बऱ्याचदा विरारला बदलावं लागतं, म्हणून वेळापत्रक पाहून निघा. स्टेशनाबाहेर पडलं की शेअर रिक्षा असतात, एसटी असते. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा हा रस्ता. एका बाजूला सुरूची झाडं, दुसरीकडे वाड्या. रस्ता अरुंद. त्यावरून शाळेची मुलं सायकलवर जातात, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका जातात. दिवाळीत इथे गाड्यांची रांग लागली की त्यांनी चालायचं कुठून? १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, त्याचा आधार असल्यामुळे यातल्या कितीतरी वाड्या आज उभ्या आहेत. ते हिरवं पाहायला येणाऱ्याने त्याच्यावर धूर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि गाडी आणलीच, तर वाळूत उतरवू नका. आमच्याकडे ओहोटीला पाणी फार लांब जातं. ओली वाळू घट्ट दिसते, पण चाक रुतलं की रुतलं. मग भरती चढत असते आणि घरची माणसं ट्रॅक्टर शोधत धावत असतात.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मात्र आपली गाडी आणावी. महामार्गाने चारोटीपर्यंत यायचं आणि तिथून डहाणूकडे वळायचं. याच चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. म्हणून सांगतो, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावा.

आता आतल्या भागाचं. तलासरीला रेल्वे नाही. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली जिथे जमले ते झरी गाव, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जिथे आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली ते कोसबाड, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गंजाड, ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत. इथे गाडी लागतेच. पण स्वतः चालवायला घेऊ नका, इथल्याच माणसाची गाडी त्याच्यासकट दिवसभरासाठी ठरवा.

का, ते सांगतो. एकदा ऐन पावसाळ्यात आम्ही तलासरीच्या आतल्या रस्त्याने चाललो होतो. पुढे ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होतं, फार नव्हे, घोट्याएवढं. मी चालवत असतो तर गाडी घातली असती. आमचा ड्रायव्हर उतरला, काठावरच्या एका वारली आजीशी तिच्या बोलीत बोलला आणि परत येऊन म्हणाला, "वर डोंगरात लय पडलाय. फिरू या." आम्ही मागे वळून तिच्या पाड्यावर चहा पीत बसलो. अर्ध्या तासात फरशी दिसेनाशी झाली. तो ओढा त्या माणसाच्या ओळखीचा होता. शिवाय त्या दिवसाचे पैसे तलासरीतच राहिले, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

गाडी ठरवताना नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. ती भाड्याने देणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडू शकतात. भाडं किती किलोमीटरचं, टोल कुणाचा, थांबण्याचे वेगळे का, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्या. संजाण-उदवाड्याकडे जायचं असेल तर गाडीचं परमिट गुजरातेत चालतं का तेही विचारा. तिकडे दारूबंदी आहे, त्यामुळे दमणहून परतताना गाडीत बाटली नको.

बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरावर जायचं तर गाडी पायथ्याशीच थांबते. पारशी परंपरेप्रमाणे संजाण पडल्यावर इराणशाह हा पवित्र अग्नी बारा वर्षं तिथल्या गुहेत जपला होता. तो वर नेणारेही चालतच गेले असतील.

पुतण्याचं आता ठरलंय. शनिवारी सकाळी विरारला गाडी बदलून तो डहाणूला उतरेल. रविवारी आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर त्याला तलासरीकडे नेईल. मी त्याला एवढंच सांगितलंय, पाठीवर एकच पिशवी आण. परत जाताना चिकूची करंडी लोकलमध्ये हातात धरावी लागेल.