दाताची टोपी निघाली, आता पुढे काय?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ग्रामस्थ, शिक्षक आणि आशा स्वयंसेविका यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुन्नर आणि आंबेगाव हे सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. पूर्वेकडे कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिकतो. पश्चिमेकडे डोंगरउतारावर भातखाचरे आणि हिरड्याची झाडे आहेत. नारायणगाव-मंचरच्या माणसाला दंतवैद्य जवळ आहे. परंतु आहुपे किंवा घाटघरच्या माणसाला दातासाठी बाजाराच्या गावी यावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे, असा दुहेरी खर्च असतो. अशा माणसाने पैसे साठवून दातावर टोपी बसवून घ्यावी आणि एके दिवशी उसाचे कांडे सोलताना तीच हातात यावी, याचे दुःख लहान नाही. मग पहिला प्रश्न मनात येतो : हीच टोपी पुन्हा बसेल का?

पुष्कळ वेळा बसते. मात्र तो निर्णय टोपीकडे पाहून होत नाही, तिच्याखालच्या दाताकडे पाहून होतो. आज मला एवढीच गोष्ट आपणांस समजावून सांगावयाची आहे.

टोपी का निघते?

आपण जिला टोपी किंवा कॅप म्हणतो, तिला दंतवैद्यकात क्राऊन म्हणजे मुकुट म्हणतात. किडलेला, फुटलेला किंवा रूट कॅनाल केलेला दात चारही बाजूंनी घासून लहान करतात, त्याचे माप घेतात आणि त्या मापाचे धातूचे अथवा चिनी मातीसारख्या पदार्थाचे कवच सिमेंटने बसवितात. मेणाचा नमुना करून त्याजागी धातू ओतण्याची आपल्या मूर्तिकारांना परिचित असलेली रीत अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये दंतवैद्यकात रूढ केली, आणि नेमक्या मापाच्या टोप्या घडविणे सुलभ झाले.

हे सिमेंट कालांतराने झिजते, विरघळते. दाताचा उरलेला खुंट आखूड असेल तर पकड कमी पडते. चिक्की, ऊस, सुपारी यांचा ताण पडतो. परंतु सर्वांत मोठे कारण म्हणजे टोपीच्या कडेखाली लागलेली कीड. टोपी किडत नाही; तिच्याखालचा दात मात्र किडतो. आपल्या भागात अनेक भगिनी मिश्री लावतात. तिच्यातील तंबाखूमुळे हिरड्यांना इजा होते, हिरड्या मागे सरतात, दाताचे मूळ उघडे पडते आणि किडीला टोपीच्या कडेशी वाट मिळते.

पहिले काही दिवस महत्त्वाचे

निघालेली टोपी फेकू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन लहान डबीत ठेवावी. आतील सिमेंट सुईने किंवा चाकूने खरवडू नये. घरातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती स्वतः बसविण्याचा मोह तर मुळीच धरू नये. तो गोंद तोंडात वापरण्यासाठी नसतो. शिवाय टोपी एक केसभर तिरकी बसली तरी सारा चावा बिघडतो. सैल टोपी तोंडात ठेवून झोपू नये. ती गिळली गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. पण श्वासनलिकेत गेली तर प्राणावर बेतू शकते. गिळल्यानंतर ठसका थांबत नसेल किंवा धाप लागत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुखत नाही म्हणून महिनोन् महिने थांबणे हेही हानिकारक आहे. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे झुकतात, समोरचा दात पुढे येतो आणि जी टोपी आठवड्यात बसली असती ती पुढे बसत नाही. रूट कॅनाल केलेला दात ठिसूळ असतो. कवच गेल्यावर तो भाकरीच्या कडक तुकड्यानेही फुटू शकतो. म्हणून डबी घेऊन शक्य तितक्या लवकर जावे. तोवर दुसऱ्या बाजूने चावावे आणि उघडा खुंट मऊ ब्रशने हलकेच स्वच्छ ठेवावा.

तीच टोपी केव्हा बसते?

डॉक्टर प्रथम टोपीच्या आत पाहतात. आत नुसते सिमेंट दिसले तर आशेला जागा आहे. दाताचा तुकडाच तुटून आत आला असेल, तर प्रश्न गंभीर आहे. नंतर खुंट तपासतात, एक्स-रे काढतात. खुंट घट्ट व निरोगी, टोपीला तडा नाही, कडा दाताला नीट भिडते आणि चावा जुळतो, एवढे सर्व असले तर आतील जुने सिमेंट काढून, टोपी स्वच्छ करून ती नव्या सिमेंटने बसविता येते. कीड निघाली तर ती कोरावी लागते. कोरल्यावर खुंटाचा आकार बदलतो, जुनी टोपी त्याला सैल होते आणि नवी करणे भाग पडते. तरीही जुनीच बसवा असा आग्रह धरणे म्हणजे टोपी वाचवून दात गमावणे होय.

मुद्दाम काढावी लागते तेव्हा

कधी टोपी घट्ट असते, पण खालचा दात ठणकतो. अशा वेळी डॉक्टर तिला बारीक छिद्र पाडून आतूनच रूट कॅनालचा उपचार करतात व छिद्र बुजवितात. टोपी जागीच राहते. कीड असल्यास मात्र ती काढावीच लागते. तात्पुरत्या सिमेंटची टोपी सहसा अखंड निघते. पक्क्या सिमेंटची टोपी विशिष्ट हत्याराच्या हलक्या ठोक्यांनी किंवा अतिसूक्ष्म कंपनांनी सैल करण्याचा प्रयत्न होतो. पण ठोक्यांनी चिनी मातीचा थर उडू शकतो, क्वचित खुंटही मोडतो. म्हणून अनेकदा टोपीला चीर पाडून ती उघडावी लागते. तशी टोपी पुन्हा उपयोगी येत नाही. टोपी कापली म्हणजे डॉक्टरांचे कौशल्य उणे पडले असे समजू नये. तेथे दात वाचविण्यासाठी टोपी खर्ची घातलेली असते. ती अखंड निघण्याचा संभव किती आणि न निघाल्यास खर्च किती, हे आधीच विचारून घेणे हा आपला हक्क आहे.

एकाची टोपी दुसऱ्याला?

कुटुंबातील वडीलधाऱ्यांची टोपी आपल्याला चालेल का, असेही विचारले जाते. चालत नाही. दुसऱ्याच्याच काय, स्वतःच्या दुसऱ्या दातालाही ती बसत नाही. कारण ती एकाच खुंटाच्या मापाने घडलेली असते. सोन्याची टोपी निकामी झाली तर ती मागून घ्यावी; धातूचे मोल राहते.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर पोलादी टोप्या बसवितात. दाढ पडते तेव्हा तीही सोबत पडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र दाढ जागेवर असताना टोपी निघाली, तर मुलाला दाखविले पाहिजे.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच जावे. बाजारात बसून दात बसवून देणाऱ्याकडे नव्हे. आणि येथील आशाताईंनी व गुरुजींनी आपल्या जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात व तेथे कोणता उपचार होतो, याची माहिती घेऊन ती गावाच्या फळ्यावर लिहावी. डोंगरातल्या माणसाचा एक हेलपाटा वाचला, तर तो वेळेवर येईल. आणि वेळेवर आला, तर कदाचित डबीतली जुनी टोपीच बसवून घरी परतेल.