शॅलो म्हणजे उथळ, पण कुठलं उथळ?

मुलांच्या पुस्तकातला ‘शॅलो’ म्हणजे आपला उथळ. ताट उथळ, विचार उथळ, इथवर दोन्ही भाषा जुळतात. ‘शॅलो ब्रीदिंग’ म्हणजे मात्र श्वास वरवरचा, छाती पुरती भरत नाही. बाळाचं असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

पाण्याचं नीट ऐका. शॅलो शब्द खोली सांगतो, ओढ सांगत नाही. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहातच उभे होते, पाणी वाढलं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणून आपण हसतो, पण डोंगरावर पाऊस वाढला की घोट्याचं पाणी बघता बघता कमरेला येतं. पाहुणे विचारतील, “शॅलो आहे ना?” तर आधी वर डोंगराकडे बघा, मग उत्तर द्या.